एकतीस हरकती

परिपाठ संपून मुलं वर्गात बसत होती, तेवढ्यात मोबाईलवर निवडणूक शाखेचा मेसेज आला. माझ्या यादी भागातल्या काही नावांवर हरकती आल्या आहेत, आठ दिवसांत स्थळ पाहणी करून अहवाल द्यावा, पुढच्या शुक्रवारी तहसील कचेरीत सुनावणी आहे.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, आणि त्याच गावची बीएलओ. बीएलओ म्हणजे मतदार यादीसाठी घरोघर फिरणारं सरकारचं माणूस. अठरा पूर्ण झालेल्यांची नावं घालायची, वारलेल्यांची काढायची, सासरी गेलेल्या मुलींची तिकडच्या यादीत पाठवायची. हे सगळं शाळेची वेळ सांभाळून, रविवारी, उन्हातान्हात. आमच्या केंद्रातले काही शिक्षक हे काम टाळायला डॉक्टरचा दाखला आणायचे. मी मात्र ते मागून घेतल्यासारखं करत आले होते. कंधारहून रोज स्कूटीनं त्या गावी जायची. गावातल्या प्रत्येक घराची कडी कुठल्या बाजूला आहे हे मला माहीत होतं.

मधल्या सुट्टीत अ‍ॅप उघडलं. एरवी वर्षाकाठी चार-दोन हरकती येतात. त्या दिवशी एकतीस होत्या. बोटानं वर सरकवत गेले. सगळी नावं एकाच वस्तीतली. गावाच्या पूर्वेला, विहाराच्या मागं बौद्धांची घरं आहेत, तिथली. मी त्या गावची नाही, पण समाज माझा तोच. एकतीसही नावांपुढं एकच कारण होतं: कायमचे स्थलांतरित. आणि एकतीसही हरकती एकाच माणसाच्या नावानं आल्या होत्या.

त्या माणसाला मी चांगली ओळखत होते. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. सत्तरी ओलांडलेले, बागायत जमीन असलेल्या मोठ्या भावकीतले. रोज नातीला शाळेत सोडायला यायचे आणि घंटा होईपर्यंत ओट्यावर बसून राहायचे. पालक सभेच्या वहीत त्यांचा अंगठा असायचा, कारण लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा माणसानं मोबाईलवरून एकतीस अर्ज भरले, असं ते अ‍ॅप मला सांगत होतं.

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या आखाड्यावर गेले. आमच्याकडं शेतातल्या गोठ्याला आणि खोलीला आखाडा म्हणतात. तुरीला शेंगा धरल्या होत्या. आबा बैलापुढं कडबा टाकत होते.

"आबा, वस्तीवरच्या लोकांची नावं काढा म्हणून तुम्ही दरखास्त दिली का?"

"कशातून काढा?"

"मतदार यादीतून."

त्यांनी हातातली पेंढी खाली ठेवली. "म्या? कामून?"

मी मोबाईल दाखवला. त्यांनी तो हातात घेतला नाही, नुसतं लांबून पाहिलं. मग कोपरीच्या खिशातून स्वतःचा फोन काढून माझ्यापुढं धरला. "ह्याला बटनं हायत, बाई. फोन आला तर हिरवं दाबायचं, झाला की लाल. एवढंच येतं मला. कुणाकुणाची नावं हायत, वाचा बरं."

मी वाचत गेले. चौथ्या नावाला त्यांनी हात वर केला.

"थांबा. त्ये बगा, ती हीर." मागं दगडी बांधणीची विहीर होती. "ह्याच्या बापानं अन् म्या मिळून खांदली ती. दोन उन्हाळे. त्याच्या पोराला गावातून काढा म्हनून म्या सांगतो का सरकारला?"

प्रत्येक अर्जावर एकच मोबाईल नंबर दिलेला होता. मी तो माझ्या फोनवर टाकला. शेवटचा आकडा दाबला आणि स्क्रीनवर नाव आलं. तो नंबर माझ्याकडं आधीपासून होता. आबांचा सख्खा पुतण्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर होता, त्याचा.

सांगावं की नाही, असा क्षणभर विचार आला. पण ज्याच्या नावानं हे झालं त्याच्यापासून लपवायचं तरी काय म्हणून? मी सांगितलं. आबांनी खालची पेंढी उचलून बैलापुढं टाकली. मग म्हणाले, "पंचायतीचं इलेक्शन हाय. त्येला उभं ऱ्हायचंय."

कोडं तिथंच सुटलं. तो ज्या प्रभागातून उभा राहणार होता, त्यात आबांच्या भावकीची गल्ली होती आणि ही वस्ती होती. वस्तीतली बरीच माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. घरं बंद असतात. बंद घरातली नावं कापली तर परत येईपर्यंत कुणाला पत्ता लागणार नव्हता, आणि तोवर पंचायतीची यादी ठरून गेलेली असती.

दुसऱ्या दिवशी पुतण्या शाळेत आला. पस्तिशीतला, बोलायला गोड. आल्या आल्या त्यानं पाण्याच्या टाकीचा नळ बदलून द्यायचं कबूल केलं. मग खुर्ची पुढं ओढली.

"मॅडम, हरकतीचं आलंय म्हनं तुमच्याकडं. तुमी खोटं लिवा असं मी म्हनतच न्हाई. घरं बंद हायत का न्हाई? हायत. मग पाहनीला गेलो, मानूस आढळून आला न्हाई, एवढंच लिवा. खरंच हाय ना ते?"

ह्या बोलण्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. धमकी असती तर ओळखू आली असती. इथं एक खरं वाक्य होतं, आणि त्या खऱ्या वाक्यानं एकतीस माणसं यादीतून जाणार होती. अ‍ॅपमध्येही तसा पर्याय होता, 'आढळून आले नाहीत'. एक बोट लावायचं, पुढचं आपोआप.

"आबांना विचारलं होतं का, अर्ज करताना?" मी म्हटलं.

तो हसला. "आबा म्हातारं मानूस. घरातलंच हाय सगळं." उठता उठता म्हणाला, "बदल्या होऊन राहिल्या म्हनं औंदा. आपलं गाव जवळच हाय कंधारला, बरं पडतंय तुम्हाला."

तो गेल्यावर मी वर्गात गेले आणि तिसरीला पाढे म्हणायला लावले.

त्या रविवारी मी माहेरी गेले. आमचं गाव लातूर जिल्ह्यात, पार दक्षिणेला. बाजारात अर्धी माणसं कानडी बोलतात. वडील गवंडी होते. आता गुडघे गेले, परांचीवर चढत नाहीत. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा ते ओसरीवर बसून शेंगा फोडत होते. ऐकता ऐकता हात थांबले.

मतदार यादीचं काम मला का आवडतं, त्याचं कारण हा माणूस. मी बारावीला होते तेव्हा ते आमच्या गावच्या पंचायतीला उभे राहिले होते. तीन मतांनी पडले. नंतर कळलं की यादीतल्या चार वारलेल्या माणसांनी येऊन मतदान केलं होतं. आमच्या घरी रडारड झाली नाही. वडिलांनी मुदतीच्या आत कोर्टात अर्ज टाकला. मला तारखेला सोबत न्यायचे, कारण कागद वाचायला घरात मीच होते. कॉलेज बुडवून मी त्यांच्याबरोबर एसटीनं जायची आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बसायची. पुकारा व्हायचा, आम्ही आत जायचो, समोरचे वकील मुदत मागायचे, आम्ही बाहेर यायचो. कधी साहेबांची बदली, कधी कागद दुसऱ्या खोलीत. माझं डीएड निलंग्याला झालं, नोकरी लागली, लग्न ठरलं, तरी तारखा चालूच. शेवटी निकाल लागला. वडिलांच्या बाजूनं लागला. तेव्हा पंचायतीची पाच वर्षं सरून नवीन निवडणूक लागलेली होती. ते एक दिवसही सभासद म्हणून बसले नाहीत. निकालाची नक्कल घेऊन घरी आले, ती पेटीत ठेवली आणि दुपारून कामावर गेले.

"कोर्टानं मला न्याय दिला न्हाई असं मी म्हननार न्हाई," ते कधी कधी म्हणायचे. "दिला. पन शिळा दिला."

त्या रविवारी ते मला म्हणाले, "तुझ्याजवळ किती दिस हायत?"

"पाच."

"मग तोंडी काय बोलू नको कुनाला. कागद कर. जे पाहशील ते लिव, ज्याच्याशी बोलशील त्याचं लिव, तारीख टाक. कागद असला म्हनजे तारखेला भ्यायचं काम न्हाई."

मी सोमवारी दुपारून वस्तीवर गेले. एकतीसांपैकी नऊ माणसं तिथंच होती, घरात. एक आजी दारात बसून मिरच्या निवडत होती. सरकारी कागदाप्रमाणं ती कायमची निघून गेली होती. मी तिचा जबाब लिहून घेतला, अंगठा घेतला, शेजाऱ्याची सही घेतली. तिनं विचारलं, "मी कुटं गेले म्हनायलेत?" मी म्हटलं, "ते लिहिलेलं नाही." ती हसत सुटली. तिच्या सुनेला मात्र हसू आलं नाही.

बाकीची बावीस माणसं साखर कारखान्यावर, ऊसतोडीच्या फडात. मी टोळीच्या मुकादमाला फोन लावला आणि व्हिडिओ कॉल कर म्हणून सांगितलं. समोर ऊस दिसला, मग एक चेहरा, मग दुसरा. एकेक जण येऊन उभा राहायचा, पूर्ण नाव सांगायचा, घर नंबर सांगायचा. काहींच्या हातात कोयता तसाच होता. मी यादीवर खूण करत गेले. शेजारी पोलीस पाटील आणि अंगणवाडीताई साक्षीला बसवले होते. नियमपुस्तिका माझ्या मांडीवर होती. पोटासाठी काही महिने बाहेर गेला म्हणून माणूस त्या गावचा राहत नाही असं होत नाही, हे तिच्यात लिहिलेलं आहे. मी त्या पानाची झेरॉक्स अहवालाला लावली.

सगळ्यात शेवटी एक बाई फोनपुढं आली. चाळिशीच्या आतली, डोक्याला फडकं बांधलेलं. दहावीपर्यंत शिकलेली होती. तिचा मुलगा आमच्या शाळेतून पुढं गेला होता, म्हणून ओळख होती. नाव सांगून झाल्यावर ती बाजूला झाली नाही.

"मॅडम, सुनावनी कवा हाय?"

"शुक्रवारी, अकरा वाजता."

"मी येते."

"तू नाही आलीस तरी माझा अहवाल आहे."

"तुमचा अहवाल तुमचा हाय. माझं तोंड माझं हाय. मी येते."

शुक्रवारी मी कचेरीत पोहोचले तेव्हा ती आधीच व्हरांड्यात बसलेली होती. तिच्यासोबत फडावरचे आणखी तिघं होते. वस्तीवरचे नऊजण तर टेम्पोनंच आले. आजीसुद्धा. पण माझं लक्ष रस्त्याकडं होतं. आबांना नोटीस गेली होती. हरकत त्यांच्या नावानं, म्हणजे ती खरी आहे की खोटी हे त्यांनाच सांगावं लागणार होतं. आले नाहीत तर काय, याचा मी मनात शंभरदा हिशोब केला होता.

अकराला पाच कमी असताना आबा आले. लोह्याच्या बाजाराला जाताना घालतात तो पांढरा फेटा, धुतलेलं धोतर. मागोमाग पुतण्या. तो त्यांच्या कोपराला धरून हळूहळू काही सांगत होता. जवळून गेले तेव्हा मला एवढंच ऐकू आलं, "आबा, नुसतं हाव म्हना. भावकीची इज्जत हाय." आबांनी कोपर सोडवून घेतलं आणि बाकावर आजीच्या शेजारी जाऊन बसले.

सुनावणीला नायब तहसीलदार मॅडम होत्या. वयानं माझ्याहून लहान, नवीनच आलेल्या. त्यांनी फाईल उघडली, आधी माझा अहवाल वाचला. मग विचारलं, "हरकतदार कोण?"

आबा उभे राहिले.

"या एकतीस लोकांची नावं यादीतून वगळा असा अर्ज तुम्ही केला आहे?"

"न्हाई."

"इथं तुमचं नाव आहे, ओळखपत्राचा नंबर आहे."

"नाव माझं हाय, बाईसाहेब. बोलनं माझं न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग अर्ज कुणी केला?"

आबांनी मागं पाहिलं नाही. पुतण्या दारात उभा होता. "त्ये तुमी शोधा," आबा म्हणाले. "म्या माझ्यापुरतं सांगतो. माझ्या नावानं कुनाची मुंडी कापायची न्हाई. ह्यातला एकबी मानूस गाव सोडून गेला न्हाई. सगळ्यास्नी म्या वळखतो. जे पोटाला गेलेत त्ये येतेत परत."

मॅडमनी ते शब्दशः लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. आबांनी अंगठा दिला.

मग फडावरून आलेल्या बाईला विचारलं, काही सांगायचं आहे का. मला वाटलं ती घाबरेल. तिनं पदर खोचला.

"मॅडम, साहेबलोकांची पोरं पुन्याला कंपनीत ऱ्हातेत, त्यांची नावं गावात हायत. कुनी हरकत घेत न्हाई. मी पाच महिने ऊस तोडायला गेले तर मी गावची न्हाई? माझं घर इथं, माझ्या सासऱ्याची माती इथं. मला एवढंच इचारायचंय, माझं नाव कापायला निघाले अन् मला साधा फोनसुदीक कामून आला न्हाई? नोटीस बंद दारावर चिकटवली. बंद दाराला वाचता येतं का?"

मॅडमनी तिचं बोलणंही लिहून घेतलं. "तुमचं म्हणणं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "नियमात दारावर लावणं बसतं. पण तुमचं म्हणणं बरोबर आहे."

एकतीसही हरकती त्याच दिवशी फेटाळल्या गेल्या. खोटे अर्ज केल्याबद्दल पोलिसांत कळवावं, असंही आदेशात लिहिलं. मी आदेशाची प्रत घेतली आणि आजीचा हात धरून तिला पायऱ्या उतरवून खाली आणलं. आबा एकटेच एसटी स्टँडकडं निघाले होते. वस्तीवरच्या लोकांनी त्यांना टेम्पोत बसवलं. पुतण्या त्याच्या गाडीवर पुढं गेला होता.

गावात आबांना ते सोपं गेलं नाही. भावकीतल्या एका लग्नाचं बोलावणं त्यांना आलं नाही. सूनबाई दोन महिने त्यांच्याशी बोलत नव्हती. एकदा ते शाळेच्या ओट्यावर बसलेले असताना मी म्हटलं, "आबा, माझ्यामुळं तुम्हाला त्रास झाला." ते म्हणाले, "तुमच्यामुळं कशाला? माझं नाव वापरलं तवा मला कुनी इचारलं न्हाई. मी परत घेतलं एवढंच." आणि घंटा झाली म्हणून उठून गेले.

निवडणूक लागली तेव्हा टोळ्या परतल्या होत्या. पुतण्यानं अर्ज भरला. त्याच्यासमोर अर्ज भरला फडावरून आलेल्या त्या बाईनं. मला ते कळलं तेव्हा मी धडा शिकवत होते आणि पाठ्यपुस्तकातली ओळ दोनदा वाचली. मी सरकारी माणूस, कुणाच्या बाजूनं बोलता येत नव्हतं आणि बोललेही नाही. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर यादी घेऊन टेबलावर बसले होते. चिठ्ठी शोधून द्यायची, खोली दाखवायची. सकाळपासून रांग. वस्तीतल्या माणसांनी नवे कपडे घातले होते, जयंतीला घालतात तसे. आजीला दोघींनी धरून आणलं. आबा त्याच रांगेत, भर उन्हात, कुणी पुढं बोलावलं तरी गेले नाहीत.

ती बाई एकोणीस मतांनी निवडून आली.

एकतीस आणि एकोणीस हे दोन आकडे मी त्या दिवशी कागदावर एकाखाली एक लिहिले. वजाबाकी करायची गरज नव्हती. मतदानाला भोक पाडायचं असेल तर पेटी पळवावी लागत नाही, मशीनला हात लावावा लागत नाही. काही महिने आधी, कुणाचं लक्ष नसताना, यादीतून माणूस उणा केला की झालं. मतदानाच्या दिवशी पोलीस असतात, निरीक्षक असतात, कॅमेरे असतात. यादीच्या दिवशी कोण असतं? एक मास्तरीण, तिच्या मोबाईलवर एक बटण.

पुढं जे झालं ते मला जास्त शिकवून गेलं. पुतण्या कोर्टात गेला. ऊसतोडीला गेलेल्यांची नावं यादीत ठेवली, निवडणूक रद्द करा म्हणून. वस्तीवर संताप झाला. "चोरानंच फिर्याद केली," असं सगळे म्हणत होते. मी मात्र माझ्या वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढं आणून म्हटलं, कोर्टात जायचा हक्क त्यालाही आहे. हरलेल्या माणसाला दाद मागायला दार पाहिजेच. ते दार आम्हाला उघडं हवं आणि त्याला बंद हवं, असं चालणार नाही.

पण त्या दाराच्या आत काय होतं, ते मी पुन्हा पाहिलं. मला साक्षीला बोलावलं. तीनदा गेले, तीनदा साक्ष झाली नाही. आणि खोट्या अर्जांची पोलिसांतली फाईल? पुतण्यानं सांगितलं, निवडणुकीच्या तयारीच्या गडबडीत फोन दहाजणांच्या हातात होता. तीही अजून तारखांवर आहे. निवडून आलेल्या बाईच्या मुदतीतली अडीच वर्षं अशीच गेली. तिची निवड कायम राहणार की नाही याचा फैसला नाही, पुतण्या दोषी आहे की नाही याचाही नाही. दोघंही एकाच व्हरांड्यात बसलेले मी पाहिले. एकदा तर तिनं त्याला पाण्याची बाटली दिली.

वडिलांना तिला भेटायचं होतं. एकदा लातूरला दवाखान्यात ते आले असताना ती कामानिमित्त तिथं आलेली होती, मी भेट घडवून आणली. वडील तिला म्हणाले, "पोरी, तारखेला जात जा, चुकवू नको. पन तारखेसाठी काम थांबवू नको. मला खुर्ची मिळाली न्हाई म्हनून मला वाट पाहावी लागली. तुला मिळालीय. तू कशाची वाट पाहायलीस?"

त्यानंतर बीएलओंच्या एका प्रशिक्षणात, नांदेडला, शेवटी कुणाला काही बोलायचंय का असं विचारलं तेव्हा मी उठले. एवढ्या मोठ्या सभागृहात मी कधी बोलले नव्हते. मी सांगितलं, कुणी कुणाच्या नावावर हरकत घेतली तर ज्याचं नाव कापायचं आहे त्याच्या फोनवर त्याच दिवशी निरोप गेला पाहिजे. हरकत घेणारा समोर येऊन ओळख पटवेल तेव्हाच ती दाखल व्हावी. नोटीस दाराला नको, माणसाच्या हातात द्या. माणूस बाहेरगावी असेल तर त्याला तिथून बोलू द्या. आणि निवडणुकीचा खटला सहा महिन्यांत संपला पाहिजे, त्यासाठी वेगळे न्यायाधीश द्या, त्यांची मधेच बदली करू नका. पाच वर्षांच्या खुर्चीचा निकाल सहाव्या वर्षी लागला तर त्याला निकाल म्हणायचं कसं? मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, हे आपल्या हातात न्हाई." मी म्हटलं, "कायदा आपल्या हातात नाही. पण घटनेनं आपल्याला मत दिलंय ना? मग मागणं तर आपल्याच हातात आहे." साहेबांनी लेखी द्या म्हणून सांगितलं. मी लेखी दिलं. पोच घेतली.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, पण माझ्या शाळेच्या गावानं वाट पाहिली नाही. त्या बाईनं ग्रामसभेत ठराव मांडला: नावं वगळायची यादी निघाली की ती आधी मंदिरासमोर, विहारासमोर आणि मशिदीसमोर भोंग्यावर वाचून दाखवायची, बाहेरगावी गेलेल्यांच्या घरच्यांनी फोन करून त्यांना कळवायचं. कायद्यात असं काही लागत नाही, पण कायदा अडवतही नाही. आबांनी सगळ्यांत आधी हात वर केला. भावकीतल्या निम्म्यांनी केला, निम्म्यांनी नाही. ठराव पास झाला.

पहिलं वाचन मागच्या हिवाळ्यात झालं. मी माईक घेऊन विहाराच्या पायरीवर उभी होते. चौदा नावं होती. वारलेल्यांची नावं आली तशी बायांनी पदर तोंडाला लावला, एकीनं हात जोडले. आठवं नाव मी वाचलं, पुढं 'मयत' असं होतं.

"ओ मॅडम!" मागून आरोळी आली. लिंबाखाली विडी ओढत बसलेला एक माणूस उठून उभा राहिला. "मी जिता हाय की! मेलाय त्यो माझा चुलतभाऊ, नाव सारखंच हाय!"

सगळे हसायला लागले. त्याची बायको सगळ्यांत जोरात हसत होती. मी त्याला पुढं बोलावलं, ओळखपत्र पाहिलं, त्या ओळीवर पेननं खूण केली आणि शेजारच्या पाच जणांच्या सह्या घेतल्या.

"आता झालं का?" त्यानं विचारलं.

"तुमचं झालं," मी म्हटलं आणि नववं नाव वाचायला घेतलं.